राजगड उतरताना मुरगळलेला घोटा आणि त्यानंतरचे तीन महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, राहणं पुण्यात, महिन्याकाठी एखादा गड ठरलेला. तीन आठवड्यांपूर्वी राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेनं गुंजवण्याकडे उतरताना घसाऱ्यावर डावा पाय आत वळला आणि कट्कन आवाज आला. तसंच लंगडत खाली आले. रात्रीपर्यंत घोटा टम्म सुजला, दोन दिवसांनी टाचेपर्यंत काळंनिळं झालं. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज, गोळ्या, आठवडाभर आराम झाला. आता दुखणं बरंच कमी आहे, पण संध्याकाळी सूज चढते आणि जिना उतरताना पायावर भरवसा वाटत नाही. आई म्हणते, कुणाकडून तरी तेल चोळून लचक बसवून घे. हाच पाय दोन वर्षांपूर्वीही मुरगळला होता. पुढचा ट्रेक कधी करता येईल?

मी चोवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या घोट्यांची संख्या वाढते. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सुजेचं नाही. ‘भरवसा वाटत नाही’ आणि ‘दोन वर्षांपूर्वीही’ या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सूज येणं अगदी स्वाभाविक आहे, ती आणखी काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही येत राहते. पण पायाचा गेलेला भरवसा आपोआप परत येत नाही. तो कमवावा लागतो. दोन वर्षांपूर्वी सूज उतरली, दुखणं थांबलं आणि तुम्ही थेट गडावर गेलात, असं झालं असणार. बहुतेक जण तेच करतात.

आधी नेमकं काय झालंय ते सांगते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडांशी बांधणारे तीन पट्टे असतात. आपण त्यांना लिगामेंट म्हणतो, मराठीत अस्थिबंध. त्यातला पुढचा पट्टा सगळ्यात नाजूक, आणि पाय मुरगळला की बहुतेक वेळा पहिल्यांदा तोच ताणला जातो किंवा फाटतो. जोर जास्त असेल तर त्याच्यामागचा, टाचेकडे उतरणारा पट्टाही दुखावतो. आतल्या बाजूचा बंध जाड आणि मजबूत असतो, शिवाय बाहेरचं घोट्याचं हाड आतल्यापेक्षा जास्त खाली आलेलं असतं. म्हणून पाय बाहेर वळण्यापेक्षा आत वळणं सोपं.

उतारावरच असं का होतं, यालाही कारण आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. चवडा वर असतो तेव्हा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. उतरताना आपण चवडा खाली टेकवत पाऊल टाकतो, तेव्हा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो. त्यात पायाखाली मुरमाचे गोटे, मांड्या थकलेल्या, पाठीवर सॅक. चढताना मुरगळलेले पाय माझ्याकडे फार थोडे येतात.

एक्स-रेबद्दल एक गैरसमज काढून टाका. एक्स-रे नॉर्मल याचा अर्थ हाड मोडलेलं नाही, एवढाच. लिगामेंट त्यात दिसतच नाही. पूर्ण फाटलेल्या लिगामेंटचा एक्स-रेसुद्धा साफ येऊ शकतो. ‘काही झालेलं नाही, नुसती लचक आहे’ असं ऐकून लोक चौथ्या दिवशी बाइकला किक मारतात.

एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली काही साधे नियम ठरवले गेले, ते आज जगभर वापरतात. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावेत असं मला मनापासून वाटतं. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड, टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटानं दाबून बघा. मग पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या रेषेत मागे आलं की मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, तो दाबा. आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढचं, कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर नेमकं दुखलं, किंवा मुरगळल्या क्षणी आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. हे काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. मात्र लहान मुलं, हाडं ठिसूळ झालेली वयस्क माणसं आणि पायाला बधिरपणा असलेले मधुमेही यांच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नका. मधुमेही माणसाचा पाय फारसा दुखत नसताना सुजला, लाल आणि गरम झाला, तर त्याला मुरगळणं समजून घरी थांबूच नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता आईंच्या सल्ल्याविषयी. त्या काळजीनं सांगताहेत आणि त्यांच्या पिढीनं हेच पाहिलं आहे. गावोगावी लचक बसवणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या हातात खरोखर कसब असतं, हे मी नाकारत नाही. पण घोट्याच्या मुरगळण्यात बहुतेक वेळा काही निसटलेलंच नसतं, त्यामुळे ‘बसवायला’ काही नसतं. तिथे फाटलेले धागे असतात, जे शरीर पुन्हा विणत असतं. त्यांना पहिल्या आठवड्यात जोरात चोळलं, पिळलं, झटका दिला की रक्त आणखी साकळतं आणि विणलेलं उसवतं. हाडाला न दिसलेली चीर असेल तर झटक्यानं ती सरकूही शकते. तुमचे तीन आठवडे झालेत, त्यामुळे आता आईंनी हलक्या हातानं, बोटांकडून गुडघ्याकडे, कोमट तेलाचा हात फिरवला तर माझी हरकत नाही. सूज ओसरायला मदत होते आणि बरंही वाटतं. आंबेहळदीच्या लेपालाही विरोध नाही, फक्त कातडी खरचटलेली नसावी आणि लेप चटका बसेल इतका गरम नसावा. झटका मात्र कुणालाही देऊ देऊ नका.

पहिल्या दिवसांत काय करायचं ते आता तुमच्या कामाचं नाही, तरी पुढच्या वेळेसाठी आणि तुमच्या ग्रुपसाठी सांगून ठेवते. गडावर पाय मुरगळला आणि स्वतःच चालत उतरावं लागणार असेल, तर शक्यतो बूट काढू नका. सूज आली की तो पुन्हा चढत नाही. नाडी थोडी सैल करा, बोटं बधिर किंवा पांढरी पडत नाहीत ना एवढं बघा. वजन दुसऱ्याच्या सॅकमध्ये द्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा उपयोग निम्मा होतो.

घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच, उशांवर. बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून आठाच्या आकड्यासारखं फिरवत वर न्यायचं, खाली जास्त घट्ट आणि वर सैल. नुसत्या घोट्यावर गुंडाळलं तर सूज बोटांत उतरते. रात्री सोडून ठेवायचं. बर्फाबद्दल मतं बदलत गेली आहेत. आराम, बर्फ, दाब, उंची ही चौकडी १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केली, आणि पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्हींनी बरं होणं लांबू शकतं. मी असं सांगते: पहिले दोन दिवस दुखणं असह्य असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, वेदना कमी होते. त्यानं लिगामेंट लवकर जुळतं अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम शेक मात्र नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. सूज कमी करणाऱ्या इतर गोळ्या पित्त, किडनी किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नयेत.

पूर्ण आराम हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. सहन होईल तेवढं वजन लवकर टाकायला सुरुवात केलेला घोटा सहसा लवकर सुधारतो, कारण नवे धागे ज्या दिशेनं ताण मिळतो त्या दिशेनं नीट लागतात. अपवाद गंभीर इजेचा. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, पाय टेकवताच येत नव्हता अशा रुग्णांपैकी ज्यांना दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलं, ते नुसता दाबाचा मोजा घालणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांनी पुढे होते. नऊ महिन्यांनी मात्र फरक उरला नव्हता. त्यामुळे डॉक्टरांनी दहा दिवस प्लास्टर किंवा ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, सांगितला तर घाबरू नका, आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवायला निघाले तर कारण विचारा.

आता मूळ मुद्दा, भरवशाचा.

व्यवसायाच्या सुरुवातीची काही वर्षं मीही सूज आणि दुखण्यावरच लक्ष ठेवत असे. एक कबड्डी खेळणारा मुलगा आला होता. तीन आठवड्यांत सूज गेली, पळून दाखवलं, मी त्याला मैदानावर जायला सांगितलं. दोन महिन्यांत तो त्याच घोट्यासह परत आला. चढाई करताना कुणी धरलंही नव्हतं, नुसतं वळताना पाय गेला. त्याची ताकद मी तपासली होती. त्याला डोळे मिटून एका पायावर उभं राहायला मी कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी सांगितलं, तर तीन सेकंदही उभा राहू शकला नाही.

लिगामेंट हा नुसता दोर नाही. त्यात बारीक मज्जातंतू असतात, ते पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर क्षणोक्षणी मेंदूला देतात. पाय कलंडू लागला की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्या खबरीवर पाय सावरतात. लिगामेंट फाटलं की ही खबर उशिरा जाते. फ्रीमन या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं आपल्या सहकाऱ्यांसह हे १९६५ सालीच मांडलं होतं, आणि तोल साधण्याच्या व्यायामानं पाय दगा देण्याचं प्रमाण कमी होतं हेही दाखवलं होतं. इतकी जुनी गोष्ट अजूनही किती रुग्णांपर्यंत पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर तुम्ही आजपासून काय कराल? आधी घोट्याची वाकण्याची क्षमता मोजा. भिंतीसमोर उभं राहा, अंगठा भिंतीपासून थोडा लांब, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा भिंतीला टेकवा. जमलं तर पाऊल थोडं मागे. टाच न उचलता जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा टेकतो ते दोन्ही पायांचं मोजा. साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे बंद मुठीच्या रुंदीइतकं अंतर चांगलं, पण तुमचा उजवा पाय हीच खरी पट्टी. डावा दोन-तीन सेंटिमीटर मागे असेल तर रोज दोनदा याच स्थितीत हळूहळू पुढे-मागे झुला. आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला उकिडवं बसावं लागतं. देशी संडासात बसताना घोटा पूर्ण वाकतो. तो वाकत नसेल तर माणूस नकळत सगळं वजन चांगल्या पायावर घेतो आणि महिन्याभरात तो गुडघा धरतो. सध्या कमोड वापरा किंवा आधाराला काही धरा. मांडी घालायला हरकत नाही, फक्त घोट्याची बाहेरची बाजू फरशीवर दाबली जाते म्हणून खाली घडी केलेली चादर घ्या. वज्रासन मात्र अजून महिनाभर नको. त्यात चवडा मागे पूर्ण ताणला जातो आणि जो पट्टा फाटला आहे त्यालाच ओढ बसते. योगवर्गाला जात असाल तर शिक्षकांना हे आवर्जून सांगा.

ताकदीसाठी दोन गोष्टी. ओट्याला हात लावून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग हळूहळू एका पायावर. दुसरी, पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं. सायकलची जुनी ट्यूब कापून पलंगाच्या पायाला बांधा, तिच्या फासात पाऊल अडकवा, गुडघा स्थिर ठेवून पाऊल बाहेर खेचा आणि परत येताना दुप्पट सावकाश या. हे परत येणंच महत्त्वाचं, कारण गडावर पाय सावरताना स्नायूला अगदी हेच करायचं असतं. पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड.

आणि तोल. यात टाळाटाळ नको, रोज करायचं. दात घासताना डाव्या पायावर उभे राहा. पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट डोळे उघडे ठेवून, एक हात बेसिनजवळ. ते सहज जमलं की मान इकडेतिकडे फिरवत. मग डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर किंवा उशीवर. मग एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. महागडा बॅलन्स बोर्ड आणायची गरज नाही. मुळशीकडच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. भातलावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरून मुरगळला, आवणाचं काम थांबवता येईना म्हणून त्या तशाच चिखलात उभ्या राहिल्या. महिन्याभरानं आल्या तेव्हा पाय सपाट अंगणातही निसटत होता. त्यांना व्यायामाला वेगळा वेळ नव्हता. नळाखाली हंडा भरेपर्यंत भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, एवढंच ठरवलं. दिवसाला सात-आठ हंडे. दिवाळीपर्यंत त्या डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालत होत्या.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दहापैकी तीनपर्यंत दुखणं मी मान्य करते. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी: घोटा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला किंवा ताठ असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा.

तुमचा डावा पाय आहे, म्हणून गाडीचंही सांगते. बाइकचा गिअर डाव्या पायानं वर उचलावा लागतो आणि सिग्नलला बहुतेक जण डावाच पाय टेकतात, तोही खड्ड्यात किंवा खडीवर, गाडीचं वजन अंगावर घेऊन. एका पायावर वीस सेकंद नीट उभं राहता येईपर्यंत बाइक नको. घरात ओल्या फरशीवर अनवाणी आणि बाहेर सैल स्लीपर, दोन्ही टाळा. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला.

आता ट्रेक. तारीख देणं मला पटत नाही, पण दुसऱ्यांदा मुरगळलेला पाय, कट्कन आवाज, काळंनिळं होणं या सगळ्यावरून दहा-बारा आठवडे मनात धरा. त्याआधी चार गोष्टी जमल्या पाहिजेत. भिंतीची कसोटी दोन्ही पायांची जवळपास सारखी. एका पायावर टाच उचलणं उजव्याइतक्याच वेळा. डोळे मिटून डाव्या पायावर वीस सेकंद. आणि डाव्या पायावर पुढे, बाजूला, तिरक्या उड्या मारून न डगमगता थांबणं. शेवटची गोष्ट करताना मनात भीती वाटली तरी ती ‘नाही’ समजा.

मग पर्वती. पायऱ्या बांधीव आहेत, उतार कळतो. तिथून उतरताना डावा पाय विसरला जातोय का बघा. नंतर तळजाई किंवा हनुमान टेकडीच्या मातीच्या वाटा, मग आतकरवाडीतून सिंहगड, तोही भल्या पहाटे, गर्दी आणि घाई नसताना. राजगड त्यानंतर, आणि पहिल्या वेळी पाली दरवाजाच्या वाटेनं. पहिले सहा महिने ते वर्षभर ट्रेकला लेसचा किंवा पट्ट्यांचा ब्रेस घाला. ब्रेसनं पाय कमजोर होतो ही भीती, व्यायाम चालू असतील तर, अनाठायी आहे. उतरताना दोन काठ्या, गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान. आणि परत फिरायची वेळ अशी ठरवा की शेवटचा घसारा अंधारात आणि मांड्या थरथरत असताना येणार नाही.

सहा ते आठ आठवड्यांनंतरही सांध्याच्या आत खोल दुखत असेल, पाय मध्येच अडकत असेल, घोट्याच्या वर नडगीच्या दोन हाडांमध्ये दाबल्यावर दुखत असेल, किंवा मनापासून व्यायाम करूनही तीन महिन्यांनी पाय निसटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा एमआरआयचा उपयोग होतो. सांध्यातल्या कूर्चेला लागलेला मार किंवा वरच्या बंधाची इजा कधीकधी अशीच मागे लपलेली असते. पोटरी सुजून दुखत असेल, विशेषतः प्लास्टर किंवा बऱ्याच दिवसांच्या झोपून राहण्यानंतर, तर त्याच दिवशी जा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

भिंतीचं माप आज संध्याकाळीच घ्या आणि दोन्ही पायांचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. दर रविवारी पुन्हा मोजा. सूज कमी-जास्त होत राहील, तिच्याकडे रोज बघू नका, या आकड्यांकडे बघा.